पाणी चढविणें आणि पाणी फिरविणें
(घरगुती पंपाच्या निवडीविषयीं एक भाषण)

शहरांतील घराला पाणी लागतें हें सांगावयास नको. पण तें पाणी आपल्या नळापर्यंत कोण पोंचवितो, याचा विचार आपण क्वचितच करतों. नगरपालिकेचें पाणी बहुतेक ठिकाणीं इमारतीच्या तळाशीं, जमिनीखालच्या टाकींत येऊन पडतें. तेथून तें गच्चीवरच्या टाकींत चढवावें लागतें, आणि मग तें आपल्याच भारानें खालीं उतरून स्वयंपाकघरांत व न्हाणीघरांत येतें. हें चढविण्याचें काम पूर्वीं मोटेनें आणि रहाटानें होत असे. आज तें काम जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत बसविलेला विजेचा पंप करीत असतो. तो चालू आहे तोंपर्यंत त्याची कोणाला आठवण होत नाहीं. तो बंद पडला म्हणजे मात्र सगळी इमारत जिन्यांत जमते.

अलीकडे या पंपाला एक धाकटा भाऊ मिळाला आहे. पुणें, ठाणें, मुंबई येथील पुष्कळ गृहसंकुलांत पोहण्याचा तलाव असतो. लोणावळें, कर्जत, अलिबाग या बाजूच्या बंगल्यांतून आणि गोव्यांतल्या घरांतूनहि लहानमोठे तलाव दिसूं लागले आहेत. या तलावाचें पाणी कोठें वर चढवावयाचें नसतें. तें तलावांतून ओढून घ्यावयाचें, वाळूच्या गाळणींतून न्यावयाचें आणि पुन्हा त्याच तलावांत सोडावयाचें, एवढेंच काम असतें. यालाहि पंपच लागतो. दोन्ही पंप दिसावयास सारखे, दोन्ही एकाच दुकानांत मिळतात, आणि दोघांचेंहि मोजमाप दुकानदार अश्वशक्तीच्याच भाषेंत सांगतो. पण एक पंप पाणी चढवितो आणि दुसरा पाणी फिरवितो. या दोन कामांत मूलतःच अंतर आहे, आणि तें अंतर ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ वीज आणि पुष्कळ पैसा वायां जातो. आजच्या भाषणांत याच अंतराचा विचार करावयाचा आहे.

प्रथम कामाचें माप पाहूं. विजेच्या बिलांत ज्याला आपण एक युनिट म्हणतों, तेवढ्या विजेंत किती पाणी किती उंच जाऊं शकतें? हिशेब सोपा आहे. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक हजार किलोग्रॅम वजन. विजेचा कणहि वायां गेला नाहीं असें धरलें, तर एका युनिटांत हें वजन सुमारें ३६७ मीटर उंच चढेल. मुंबईच्या राजाबाई टॉवरची उंची सुमारें ८५ मीटर आहे. म्हणजे त्या मनोऱ्याच्या चौपटीहून अधिक उंचीवर एक हजार लिटर पाणी एका युनिटांत जावयास हवें. आपल्या चार मजली घराची गच्ची जेमतेम पंधरा-सोळा मीटर. मग आपला पंप महिन्याला इतकीं युनिटें कोठें घालवितो?

तो तीं तीन ठिकाणीं घालवितो. पहिलें ठिकाण मोटर. वीज मोटरींत शिरते, तिच्यांतला कांहीं भाग तारा तापविण्यांत जातो आणि उरलेला दांडा फिरवितो. दुसरें ठिकाण पंपाच्या पोटांतलें फिरतें चक्र, ज्याला कारागीर इंपेलर म्हणतात. तें पाण्याला गरगर फिरवून बाहेर फेंकतें. पण चक्र आणि कवच यांच्यामधल्या फटींतून कांहीं पाणी पुन्हा मागें येतें, कांहीं नुसतें घुसळलें जातें. तिसरें ठिकाण नळ. अरुंद नळ, नको तितकीं वळणें, गंजलेला किंवा अर्धवट उघडणारा व्हॉल्व्ह, हीं सारीं पाण्याला अडवितात, आणि त्या अडथळ्यावर मात करण्यांत शक्ति खर्च होते. या तिन्ही ठिकाणचा तोटा वजा जातां, लहान घरगुती पंपांत विजेचा एक-तृतीयांश भाग जरी खऱ्या कामीं आला तरी पुष्कळ म्हणावयाचें. कित्येक ठिकाणीं चौथाईहि येत नाहीं. चांगला पंप योग्य जागीं बसविला, तर हेंच प्रमाण निम्म्यापर्यंत नेतां येतें.

या फरकाची किंमत किती? चोवीस बिऱ्हाडांची एक इमारत घेऊं. प्रत्येक बिऱ्हाडांत चार माणसें, आणि माणशीं दररोज १३५ लिटर पाणी. मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरांसाठीं पाणीपुरवठ्याचे आंखणीकार हेंच प्रमाण धरतात. म्हणजे रोजचें पाणी सुमारें तेरा हजार लिटर. खालच्या टाकींतल्या पाण्यापासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंत उंची २० मीटर, आणि नळांतील घर्षणासाठीं आणखी ५ मीटर, असे एकूण २५ मीटर धरूं. निर्दोष पंपाला या कामास दिवसाला एक युनिटहि पुरतें लागणार नाहीं, सुमारें ०.८९ युनिट पुरेल. विजेचा चौथा हिस्सा कामीं आणणारा पंप तेंच काम साडेतीन युनिटांत करील. निम्मा हिस्सा कामीं आणणारा पंप पावणेदोन युनिटांत करील. वर्षाकाठीं हा फरक सुमारें ६५० युनिटांचा होतो. युनिटास दहा रुपये दर धरला, तर वर्षाला साडेसहा हजार रुपये, आणि पंप दहा वर्षें चालला तर पासष्ट हजार. पंप घेतांना हजार-दोन हजार रुपये वांचले म्हणून ज्या कार्यकारी मंडळाची सभेंत वाहवा होते, त्यानें कदाचित् सभासदांच्या गळ्यांत दहा वर्षांचें कर्ज बांधलेलें असतें. फक्त तें कर्ज विजेच्या बिलांत वांटून गेल्यामुळें कोणाला दिसत नाहीं.

आतां चढविण्याच्या पंपाची निवड कशी करावी तें पाहूं. दुकानांत गेल्यावर आपण 'एक अश्वशक्तीचा पंप द्या' म्हणतों. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॉट. पण ही शक्ति मोटरीच्या दांड्यावर मिळणारी आहे. मीटरवर त्याहून अधिक ओढ पडते, आणि त्या शक्तींतून प्रत्यक्ष पाणी किती चढेल हें तर या आंकड्यावरून मुळींच कळत नाहीं. बैल किती धिप्पाड आहे एवढें विचारून मोटेचें पाणी मोजण्यासारखेंच हें आहे. विचारावयाचें तें असें: 'पंचवीस मीटर उंचीवर हा पंप तासाला किती लिटर पाणी देईल, आणि त्या वेळीं वीज किती खाईल?'

पंपावरच्या पत्र्याच्या पट्टीवर दोन मोठे आंकडे असतात. एक हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच ढकलूं शकतो तो; दुसरा डिस्चार्ज, म्हणजे तो किती पाणी देतो तो. साध्या गिऱ्हाइकाची येथेंच फसगत होते. सर्वांत मोठें हेड आणि सर्वांत मोठा डिस्चार्ज हे दोन आंकडे एकाच वेळचे नसतात. पंप आपल्या परमावधीच्या उंचीवर पोंचतो तेव्हां त्याच्या तोंडून पाण्याचा थेंबहि पडत नाहीं. पाणी नुसतें तेथवर उभें राहतें. आणि सर्वांत अधिक पाणी देतो तेव्हां तें जवळजवळ जमिनीलगत देतो. या दोन टोंकांच्या मध्यें कोठें तरी एक जागा अशी असते कीं तेथें पंप कमींत कमी वीज वायां घालवितो. चांगला उत्पादक आपल्या पंपाचा आलेख देतो, त्यांत ही जागा दाखविलेली असते. आपल्या इमारतीची गरज त्या जागेच्या आसपास येते कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे निवडीचें निम्में काम झालें. साठ मीटर उंचीचा पंप वीस मीटरच्या घराला लावला, तर तो 'जोरदार' आहे असें वाटतें खरें. पण तो आपल्या जागेपासून दूर चालत असतो, अधिक वीज खातो, आणि पुष्कळदां मोटर तापून जळते.

यानंतर नळाचा व्यास. पंप चांगला घेऊन त्याला अरुंद नळ जोडणें म्हणजे रुंद छातीच्या माणसाला नाक दाबून पळावयास सांगणें होय. पाणी तितकेंच वाहत असेल, तर नळांतील अडथळा व्यासाच्या पांचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणांत बदलतो. अवघड वाटणाऱ्या या वाक्याचा अर्थ सोपा आहे. ४० मिलिमीटरच्या ऐवजीं ५० मिलिमीटर व्यासाचा नळ घातला, तर अडथळा सुमारें एक-तृतीयांशावर येतो. नळाची किंमत एकदांच द्यावी लागते. अडथळ्याची किंमत रोज द्यावी लागते. तसेंच काटकोनी वळणांऐवजीं लांब बाकाचीं वळणें वापरावीं, आणि फुटव्हॉल्व्हची जाळी वर्षांतून दोनदां तरी साफ करावी.

पंप कोठें बसवावा हाहि महत्त्वाचा प्रश्न आहे. पंप पाणी 'खेंचतो' असें आपण म्हणतों. वस्तुतः तो खेंचीत नाहीं. तो आपल्या तोंडापाशीं हवेचा दाब कमी करतो, आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब खालचें पाणी वर ढकलतो. सतराव्या शतकांत इटलींतील पंप बनविणाऱ्यांना असें आढळून आलें कीं, कांहीं केलें तरी दहा मीटरांच्या आसपासच्या उंचीपलीकडे पाणी ओढून घेतां येत नाहीं. गॅलिलिओनें आपल्या १६३८ सालच्या ग्रंथांत या अडचणीचा उल्लेख केला, आणि त्याचा शिष्य तोरिचेल्ली यानें थोड्याच वर्षांत पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून वातावरणाला वजन आहे हें दाखवून दिलें. समुद्रसपाटीवर ही मर्यादा सुमारें १०.३ मीटर आहे. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं ती पावणेनऊ मीटरांच्या आसपास येते. व्यवहारांत सहा-सात मीटरांच्या पलीकडे जाऊंच नये. म्हणून पंप पाण्याच्या जितका जवळ आणि शक्य तर पाण्याच्या पातळीखालीं असेल तितका बरा. तसें असलें म्हणजे पंपांत पाणी भरीत बसण्याची कटकटहि राहत नाहीं.

येथवर चढविण्याच्या पंपाची गोष्ट झाली. आतां फिरविण्याच्या पंपाकडे वळूं.

तलावांतून निघालेलें पाणी जेथून निघालें त्याच पातळीवर परत येतें. वाटेंत तें थोडें वर गेलें तरी उतरतांना तेवढी शक्ति परत मिळते. तेव्हां या पंपाला उंचीशीं कांहीं कर्तव्य नाहीं. त्याची सारी लढाई अडथळ्याशीं, म्हणजे नळ, गाळणी आणि वळणें यांच्याशीं आहे. आणि अडथळ्याचा स्वभाव असा कीं पाणी दुप्पट वेगानें नेलें तर तो चौपट होतो. निम्म्या वेगानें नेलें तर चौथाई होतो.

हा भेद दोन दृष्टान्तांनीं स्पष्ट होईल. पर्वतीच्या पायऱ्या सावकाश चढा किंवा धांवत चढा. आपल्या देहाचें वजन तितकेंच वर न्यावें लागतें. सावकाश चढल्यानें दम कमी लागेल, पण चढणीचें काम तितकेंच राहील. उलट, सपाट रस्त्यावरून समोरच्या वाऱ्यांत सायकल चालवून पहा. वेग थोडा वाढविला कीं छाती भरून येते, आणि थोडा कमी केला कीं तोच रस्ता सुखाचा होतो. घरच्या टाकीचा पंप पर्वती चढत असतो. तलावाचा पंप वाऱ्यांत सायकल चालवीत असतो.

या दुसऱ्या प्रकारांत एक मोठा मौजेचा नियम लागू पडतो. पंपाच्या चक्राची गति निम्मी केली, तर पाणी निम्में येतें, दाब चौथाई होतो, आणि लागणारी शक्ति आठव्या हिश्श्यावर येते. पाणी निम्में येत असल्यामुळें तेवढेंच पाणी फिरवावयास दुप्पट वेळ लागेल हें खरें. पण आठव्या हिश्श्याची दुप्पट म्हणजे चौथाईच. म्हणजे तेंच काम सावकाश केलें तर चौथाई विजेंत होतें.

याचें उदाहरण घेऊं. दहा मीटर लांब, पांच मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल अशा तलावांत साठ हजार लिटर पाणी मावतें. एकाच गतीचा, साधारण एक अश्वशक्तीचा पंप मीटरवर सुमारें एक किलोवॉट ओढतो आणि तासाला दहा हजार लिटर फिरवितो असें धरूं. सहा तासांत एक फेरा पुरा होईल, आणि सहा युनिटें जातील. आतां गति निम्मी केली. शास्त्राप्रमाणें एक-अष्टमांश किलोवॉट लागावयास हवा. पण मंद गतीवर मोटर आणि तिचें नियंत्रक यंत्र यांची कार्यक्षमता कांहींशी उतरते, म्हणून आपण हात राखून एक-पंचमांश धरूं. बारा तासांत तोच फेरा पुरा होईल, आणि युनिटें जातील २.४. रोजची बचत ३.६ युनिटें, वर्षाची तेराशेंहून अधिक.

आणखी एक गोष्ट येथें लक्षांत घ्यावी. एका फेऱ्यांत तलावाचें सगळें पाणी गाळून निघतें असें नव्हे. गाळलेलें आणि न गाळलेलें पाणी एकमेकांत मिसळत असल्यामुळें एका फेऱ्यांत सुमारें ६३ टक्के पाणीच गाळणींतून जातें. मंद गतीचा पंप बारा तासांऐवजीं वीस तास चालविला, तर एक लाख लिटर पाणी फिरेल, म्हणजे एकाऐवजीं पावणेदोन फेऱ्यांच्या जवळपास जाईल, आणि तरीहि वीज चारच युनिटें लागेल. पाणी अधिक निर्मळ आणि खर्च कमी, असा दुहेरी लाभ क्वचितच एकत्र येतो. शिवाय वाळूंतून पाणी सावकाश गेलें म्हणजे गाळहि अधिक चांगला अडतो, आणि पंपाचा आवाज शेजाऱ्याची झोंप मोडीत नाहीं.

ही काटकसर इतकी मोठी आहे कीं, जेथें घरगुती तलाव फार आहेत त्या अमेरिकेनें तिला कायद्याचें स्वरूप दिलें. १९ जुलै २०२१ पासून तेथें नव्या तलाव-पंपांना कार्यक्षमतेची किमान मर्यादा लागू झाली. आणि जमिनींत बांधलेल्या तलावांच्या मोठ्या गाळणी-पंपांपुरती ती इतकी कडक आहे कीं एकाच गतीचे बहुतेक पंप तींत बसत नाहींत. आपल्याकडे असा पंप घेतांना एवढें लक्षांत ठेवावें कीं, साध्या एक-फेज मोटरीला पंख्याचा रेग्युलेटर जोडून गति कमी करतां येत नाहीं. तसें केल्यास मोटर जळेल. गति बदलणारा पंप तसाच बनविलेला घ्यावा, किंवा तीन-फेज मोटरीला योग्य नियंत्रक यंत्र जाणकाराकडून बसवून घ्यावें.

मात्र काटकसरीलाहि मर्यादा आहे, आणि ही मर्यादा माणसांच्या जिवाशीं निगडित आहे. वाळूची गाळणी उलट प्रवाहानें धुण्याच्या वेळीं पंप पुऱ्या गतीनें चालवावाच लागतो. नाहीं तर वाळू हलत नाहीं आणि मळ आंतच राहतो. गाळणीवरच्या दाबमापकाचा आंकडा स्वच्छ स्थितींतल्यापेक्षां अर्ध्या ते पाऊण बारनें वाढला, कीं गाळणी धुण्याची वेळ आली असें समजावें. मंद गतीवर पृष्ठभागावरचीं पानें आणि कीटक कडेच्या झडपेंत ओढले जात नाहींत. त्यासाठीं रोज तास-अर्धा तास गति वाढवावी. गच्चीवर सूर्याच्या उष्णतेनें पाणी तापविण्याची सोय असेल, किंवा तलावाला धबधबा जोडलेला असेल, तर तेथें थोडी चढण आलीच. तेवढ्यापुरती गति कमी करतां येणार नाहीं.

आणि वीज वांचवावयाची म्हणून पंप दिवसदिवस बंद ठेवणें हा तर शुद्ध अविचार होय. पाणी फिरलें नाहीं तर क्लोरीन सर्वत्र पोंचत नाहीं. तलावाच्या पाण्यांत मुक्त क्लोरीन दशलक्षांत एक ते तीन भाग, आणि पाण्याचें आम्लमान ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावें. उष्ण आणि साचलेल्या गोड्या पाण्यांत वाढणारा एक अतिसूक्ष्म जीव नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊन प्राणघातक रोग उत्पन्न करतो. केरळांत २०२४ सालीं अशा रोगानें मुलें दगावलीं. योग्य क्लोरीन असलेल्या, नीट फिरणाऱ्या पाण्यांत हा धोका राहत नाहीं म्हटलें तरी चालेल. तेव्हां चार युनिटें वांचविण्यासाठीं पंप थांबवूं नये. तो सावकाश आणि अधिक वेळ चालवावा.

दुसरा धोका पंपाच्या ओढीचा. तलावाच्या तळाशीं पाणी जाण्याचें एकच तोंड असेल आणि पंप गरजेहून फार मोठा असेल, तर त्या तोंडावर बसलेलें मूल ओढीनें तेथेंच चिकटून राहतें; मोठ्या माणसालाहि तें सोडवितां येत नाहीं. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ सालीं अशाच अपघातांत मृत्यु पावली, आणि त्यानंतर २००७ सालीं तेथें तिच्याच नांवानें सुरक्षिततेचा कायदा झाला. म्हणून तळाचीं तोंडें दोन आणि एकमेकांपासून दूर असावीं, त्यांवर माणूस अडकणार नाहीं अशा घुमटाकार जाळ्या असाव्या, आणि फुटलेली जाळी बदलल्याखेरीज तलावांत कोणासहि उतरूं देऊं नये. मोठा पंप म्हणजे चांगला पंप ही समजूत येथें केवळ खर्चाची राहत नाहीं. ती जिवावर बेतते.

आतां एक प्रश्न सहज मनांत येईल. गति कमी करून तलावावर इतकी बचत होते, तर तीच युक्ति घरच्या टाकीच्या पंपालाहि कां करूं नये? कांहीं विक्रेते तसें सुचवितातहि. परंतु मघांशीं सांगितलेला पर्वतीचा दृष्टान्त आठवावा. आपल्या चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतींत एकूण पंचवीस मीटरांपैकीं वीस मीटर ही शुद्ध उंची आहे. ती गति कमी केल्यानें कमी होत नाहीं. समजा, पंप पुऱ्या गतीवर जास्तींत जास्त ३२ मीटरपर्यंत पाणी ढकलूं शकतो. गति निम्मी केली कीं दाब चौथाई होतो, म्हणजे तो आठ मीटरच ढकलील. मग वीस मीटरवरच्या टाकींत थेंबहि पडणार नाहीं. पंप फिरत राहील, पाणी आंतल्या आंत तापत राहील, आणि मीटर पुढें सरकत राहील. चढविण्याच्या कामांत बचत गतींत नाहीं. ती योग्य उंचीचा पंप, कार्यक्षम मोटर आणि रुंद नळ यांत आहे. फिरविण्याच्या कामांत बचत गतींत आहे. औषध चांगलें असलें तरी तें ज्या रोगाचें आहे त्यालाच द्यावें.

आपला पंप कसा आहे हें घरच्या घरीं पडताळून पाहतां येतें. त्याला इंजिनिअर लागत नाहीं. पंपाला स्वतंत्र मीटर असेल तर उत्तम. नसेल तर विजेच्या कारागिराकडून थोड्या वेळापुरता लहान मीटर जोडून घ्यावा. गच्चीवरच्या टाकींतून पाणी जात नाहीं अशी व्यवस्था करून, ठराविक पाणी, समजा दोन हजार लिटर, वर चढवावें. खालच्या पाण्यापासून वरच्या नळाच्या तोंडापर्यंतची उंची दोरीनें मोजावी. ती २२ मीटर आहे असें समजूं. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन. त्यांस बावीसनें गुणून आलेल्या ४४ ला ३६७ नीं भागावें. उत्तर येईल ०.१२ युनिट. हें निर्दोष पंपाचें माप झालें. आपल्या मीटरवर ०.४ युनिट गेलें असेल, तर शंभरांतला तीस हिस्सा कामीं आला. तीसहून कमी आला तर नळ, फुटव्हॉल्व्ह आणि पंप या क्रमानें तपासणी करावी. कारण दोष पुष्कळदां पंपाचा नसून नळाचा असतो, आणि नळ बदलणें स्वस्त पडतें. चाळीसच्या वर आला तर पंपास दुवा द्यावा आणि त्यास हात लावूं नये. हीच चांचणी वर्षांतून एकदां करून आंकडा वहींत लिहून ठेवला, म्हणजे पंप हळूहळू झिजत असल्याचें आधीं कळतें.

नवा पंप घेतांना आय.एस.आय. चिन्ह पहावें. कृषि-पंपसंचांसाठीं सरकारच्या ऊर्जा-कार्यक्षमता मंडळाची ताऱ्यांची पद्धति आहे. असा पंप आपल्या गरजेच्या मापाचा मिळत असेल तर अधिक ताऱ्यांचा घ्यावा. परंतु तारे पाहण्याच्या आधीं उंची आणि पाणी यांचा मेळ पहावा. चुकीच्या मापाचा पांच ताऱ्यांचा पंपहि योग्य मापाच्या साध्या पंपापुढें हरतो. गच्चीवरची टाकी भरतांच पंप आपोआप बंद करणारी कळ जरूर बसवावी. वाहून जाणाऱ्या टाकींतलें पाणी म्हणजे दोनदां विकत घेतलेली वस्तु होय, एकदां नगरपालिकेकडून आणि एकदां वीज-कंपनीकडून. खालची टाकी रिकामी झाली असतां पंप थांबविणारी कळहि तितकीच अगत्याची. कोरडा चाललेला पंप फार काळ टिकत नाहीं.

शेवटीं एक अप्रिय गोष्ट सांगावयास हवी. उन्हाळ्यांत पाण्याचा दाब कमी झाला म्हणजे कांहीं घरांतून नगरपालिकेच्या नळालाच थेट पंप जोडतात. बहुतेक नगरपालिकांनीं याला मनाई केलेली आहे, आणि ती योग्य आहे. असा पंप नवें पाणी निर्माण करीत नाहीं; तो शेजाऱ्याच्या वांट्याचें पाणी आपल्या टाकींत आणतो. शिवाय नळांतला दाब बाहेरच्याहून कमी झाला कीं जमिनींतल्या जुन्या सांध्यांतून गटाराचें पाणी आंत ओढलें जातें, आणि तें आपल्याच लेंकरांच्या पेल्यांत येऊन पडतें. कितीहि कार्यक्षम पंप असला तरी या कामीं तो वापरणें म्हणजे विजेची नव्हे, शेजारधर्माची उधळपट्टी होय.

पंप हें मुकें यंत्र आहे. त्याला काम काय आहे हें आपण नीट सांगितलें, तर तें थोड्या विजेंत करील. न सांगितलें, तर तें मोठ्या आवाजानें आणि मोठ्या बिलानें चालत राहील. पाणी चढवावयाचें असेल तर उंची मोजा आणि नळ रुंद ठेवा. पाणी फिरवावयाचें असेल तर गति मंद ठेवा आणि वेळ अधिक द्या. पुढच्या वार्षिक सभेंत पंपाचा विषय निघाला, म्हणजे 'किती अश्वशक्ति?' या प्रश्नाऐवजीं 'किती उंचीवर, किती पाणी, किती विजेंत?' हे तीन प्रश्न कोणी तरी उभें राहून विचारावे. त्यांचीं उत्तरें देतां येत नसतील, तर दरपत्रकावर सही करण्याची घाई करूं नये.